वेळेआधीचा पाळणा

चैत्रातल्या नवमीला भर दुपारी बारा वाजता राम जन्मतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. माडवण्यात मात्र तो मुकुंद पाध्यांच्या बोटांतून जन्मायचा.

त्याचं असं होतं. माडवण्याच्या राममंदिरात जन्माचं कीर्तन वैजयंतीताई पाध्ये करायच्या. चिपळ्या हातात घेऊन बाई एकदा उभ्या राहिल्या, की त्यांना काळवेळेचं भान उरत नसे. त्या अयोध्येतच असायच्या. कौसल्येच्या डोहाळ्यांत रमल्या तर तिथेच रमायच्या, आणि समोरचं अख्खं गावही त्यांच्यासोबत डोहाळे पुरवत बसायचं. मग जन्म वेळेवर व्हायचा कसा? तर डाव्या हाताला पेटीवर बसलेले त्यांचे यजमान, मुकुंदराव, घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. वेळ झाली, की भाता जरा दाबून पाळण्याच्या चालीचे पहिले चार सूर हळूच सोडायचे. ते सूर कानांवर पडले, की वैजूताई जिथे असतील तिथून कथा वळवायच्या, आणि ती इतक्या बेमालूम वळायची की ऐकणाऱ्याला वाटावं, कथा इथेच यायची होती. पुजारी पाळण्याची दोरी ओढायचे, गुलाल उडायचा, देवळाची घंटा आणि बाराचा ठोका एकदमच पडायचा. इतक्या वर्षांत बाईंनी नवमीला घड्याळाकडे म्हणून पाहिलं नव्हतं. ते पेटीचं काम होतं.

त्या साली फाल्गुनात वैजूताईंच्या दंडावर एक चकती आली. रुपयाएवढी, मऊ, अंगाच्याच रंगाची. तिचं नाव 'चाहूल'.

मधुमेह तर त्यांना बरीच वर्षं होता. गोळ्या चालू होत्या, पथ्य बऱ्यापैकी होतं, तरी साखर हट्टी मुलासारखी बसल्या जागेवरून उठत नव्हती. रत्नागिरीला नव्या उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा मुकुंदरावच त्यांना घेऊन गेले. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय मधुमेहानं नेला होता. त्याच्या जखमेचा वास मुकुंदरावांच्या नाकातून अजून गेला नव्हता. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण बायको अनवाणी अंगणात उतरली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

तिथल्या डॉक्टर शर्मिष्ठा सुर्वे वयानं लहान, बोलायला गोड.

"ताई, जेवलं की रक्तात साखर येते," त्या म्हणाल्या. "मग इन्सुलिन पेशीच्या दाराशी जाऊन कडी वाजवतं. दारात एक ग्राही उभा असतो. तो कडी ऐकतो आणि आतल्या निरोप्याला सांगतो. निरोप्या आत धावतो, तेव्हा कुठे साखरेसाठी दारं उघडतात. तुमच्याकडे इन्सुलिन येतंय, कडीही वाजतेय. निरोप्याच जागचा हलत नाही."

"का हो? झोपलाय?"

"त्याचे हात बांधलेत."

"आणि बांधले कुणी?"

"घरच्यांनीच."

वैजूताई खुर्चीत पुढे सरकल्या. आख्यानाला रंग भरू लागला, की त्यांचे डोळे असेच चमकायचे.

डॉक्टरांनी भिंतीवर चित्र उमटवलं. प्रत्येक पेशीत नळ्यांचं नि पडद्यांचं एक जाळं असतं, आंतर्द्रव्यजालिका. प्रथिनांचे ताजे धागे तिथे घडी होऊन बाहेर पडतात. घडी नीट बसली तरच प्रथिन कामाचं; नऊवारीच्या निऱ्या चुकल्या तर लुगडं उत्तम असूनही नेसता येत नाही, तशातली गत. सतत जादा खाणं, अंगावर साठलेली चरबी, झोपेची आबाळ, या सगळ्यानं त्या जाळ्यावर कामाचा डोंगर पडतो. न घडलेल्या धाग्यांचा ढीग साठतो. पेशी घाबरून धोक्याची घंटा वाजवते. त्या घंटेनं जे रखवालदार धावून येतात, ते गडबडीत इन्सुलिनच्या निरोप्यालाच धरतात आणि फॉस्फेटचा एक कण त्याला भलत्या जागी चिकटवून देतात. झाले हात बांधून! बाहेर कडी वाजत राहते, आत निरोप जात नाही.

"साखरेची तपासणी म्हणजे घरात पाणी शिरल्यावर ओरडणं," डॉक्टर म्हणाल्या. "ताणलेल्या पेशी अगदी बारीक बुडबुडे बाहेर टाकतात. ही चकती कातडीखालच्या द्रवातून ते वाचते आणि ताण किती आहे ते सांगते. हिरवा, पिवळा, तांबडा. सोबत घडी सुधारणारी गोळी. तांबडा दिसला, की हातातलं काम टाकून विश्रांती. रंग फोनवर दिसेल."

"माझा फोन कीर्तनात बंद असतो."

"मग काकांच्या फोनवर देते."

आणि अशा रीतीनं वैजयंतीताईंच्या पेशींची खबर मुकुंदरावांच्या खिशात आली.

फाल्गुन बरा गेला. रंग कधी हिरवा, बहुतेक वेळ पिवळा. मुकुंदराव दिवसातून दहादा फोन काढायचे. वैजूताई हसायच्या, "अहो, नव्या नवरीचा फोटो बघितल्यासारखं काय बघताय?"

पाडव्याला उत्सव बसला. पहिल्याच दिवशी, संध्याकाळच्या कीर्तनात, पूर्वरंग संपून गळ्यात हार पडला, उत्तररंग सुरू झाला आणि मुकुंदरावांनी पेटीआड ठेवलेला फोन तांबडा झाला. नुसता तांबडा नाही, भडक. आणि त्या तर तल्लीन होऊन नाचत होत्या. 

थांबवणार कसं? भर कीर्तनात बाईला खाली बसवायचं? ते पेटीवाले होते. त्यांच्याजवळ पेटी होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेटीच्याच वाटेनं तिला जपायला सुरुवात केली. काळी चारची पट्टी त्यांनी पांढरी पाचवर उतरवली, गळ्याला कमी श्रम पडावेत म्हणून. लय किंचित ओढून धरली. तबल्यावरच्या सदा गुरवाला डोळ्यांनी दटावलं, हळू. एखाद्या अभंगाचं तिसरं आवर्तन सुरू व्हायच्या आतच शेवटाचे सूर धरून त्यांनी भैरवीची वाट दाखवली, आणि वैजूताई, कान पेटीकडेच लावून बसलेला त्यांचा तो स्वभाव, त्या वाटेनं निमूट आल्या.

"काका, पेटी खाली आली काय?" सदानं देवळाच्या मागे विचारलं.

"हवा दमट आहे. सूर उतरतात."

"पेटीचे सूर हवेनं उतरतात? मी तबला ठोकतो, पेटी नाही, म्हणून काहीही सांगाल?"

मुकुंदरावांनी पेटीला खोळ घातली.  घरी एकदा ताक घुसळताना वैजूताईंनी विचारलं, "माझा आवाज बसतोय का हो अलीकडे?"

"छे, छे. चांगला आहे की."

'चांगला' ऐकल्यावर त्यांनी रवी थांबवली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घुसळायला लागल्या.

नवमी उजाडली. देऊळ फुलून गेलं होतं. परगावची मंडळी थेट प्रक्षेपणावर होती. कॅमेरा लावलेला एक यांत्रिक भुंगा सभामंडपात गुणगुणत फिरत होता आणि मधूनच एखाद्या आजीच्या डोक्यावर घिरट्या घालून तिच्या शिव्या खात होता. वैजूताई त्या दिवशी काही औरच गात होत्या. पेटीनं पांढरी पाच दिली होती, पण त्यांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. गळा आपोआप काळी चारवर गेला आणि मुकुंदरावांना झक मारत मागे जावं लागलं. पुत्रकामेष्टीचा यज्ञ झाला. पायसाचं पात्र घेऊन यज्ञपुरुष वर आला. पेटीआडचा फोन तांबडा झाला, आणि तांबडाच राहिला.

मुकुंदरावांनी घड्याळ पाहिलं. अजून अर्धा तास होता. अर्धा तास ती अशीच नाचणार, अशीच वरचा षड्ज लावणार, आणि हा तांबडा... भावाच्या पलंगाजवळचा तो वास त्यांना भरल्या देवळात, धुपाच्या धुरात आला. त्यांनी भाता दाबला. बोटांनी पाळण्याचे पहिले चार सूर वाजवले.

वैजूताईंनी क्षणभरही शंका घेतली नाही. कौसल्येच्या महालाचं दार उघडलं, जन्म झाला. पुजाऱ्यांनी दोरी ओढली. गुलाल उडाला, शंख फुंकला गेला, बायका पाळण्याकडे सरसावल्या. आणि त्या गदारोळात विश्वस्त भाऊसाहेब खेरांचा खणखणीत आवाज आला:

"अहो, साडेअकराच वाजलेत!"

शंख मध्येच थांबला. दोरी पुजाऱ्यांच्या हातातच राहिली. गुलाल मात्र उडालेला, तो परत कसा यायचा? लोकांनी फोन काढले. कुणीतरी पुटपुटलं, "राम सातव्या महिन्यातला दिसतोय." प्रक्षेपणाच्या पडद्यावर परदेशातून कुणी विचारलं, तुमच्याकडे घड्याळं पुढे करतात का? एका म्हातारीनं दोन्ही गालांवर बोटं मारून घेतली.

वैजूताईंनी पेटीकडे पाहिलं. मुकुंदरावांची मान खाली होती. तेवढ्या एका नजरेत त्यांना कळलं की चूक नाही, हे मुद्दाम झालंय. का, ते कळलं नाही. पण देवाच्या दारात, गावापुढे, नवऱ्याची मान त्या खाली राहू देणार नव्हत्या.

"चुकलं माझं!" त्या हसून म्हणाल्या. "आईच मी. लेकराला बघायची घाई झाली. पण मंडळी, बाळाला जन्म देण्याआधी आईला कळा येतात की नाही? त्या आता सोसू या. बारा वाजेपर्यंत आपण सगळ्यांनी मिळून त्याला हाक मारायची. जो हाक मारणार नाही, त्याला सुंठवडा नाही."

देऊळ हसलं आणि हसता हसता गाऊ लागलं. नामाचा असा गजर माडवण्यात पूर्वी कधी झाला नव्हता. वैजूताईंनी ताणून ताणून तो बाराला नेला, अख्खा वेळ पायांवर, अख्खा वेळ नाचत. त्यांना थोडं लवकर बसवावं म्हणून ज्यानं हे केलं, त्यानंच त्यांना जादा नाचवलं. पेटी वाजत होती, पण वाजवणाऱ्याचे डोळे फोनवर खिळले होते आणि ओठांवर रामाचं नाव होतं. बाराला दुसऱ्यांदा पाळणा हलला.

घरी आल्यावर वैजूताईंनी पदराचा गुलाल झटकला, पाणी प्यायल्या, आणि समोर बसल्या.

"बोला."

मुकुंदरावांनी फोन पुढे सरकवला.

त्यांनी बोटानं पडद्यावरचे दिवस मागे मागे सरकवले. मग म्हणाल्या, "म्हणजे सदाला सांगितलंत तशी पट्टी हवेनं उतरली नव्हती."

"नाही."

"भैरवी रोज लवकर येत होती, तीही यानंच."

"वैजू, तांबडा झाला की विश्रांती, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तू ऐकणार होतीस का?"

"मला विचारलंत का?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "अहो, मी घड्याळ बघत नाही. कारण तुम्ही बघता. लोक म्हणतात ताई काय तल्लीन होतात, पण ते तल्लीन होणं माझ्या जिवावर नव्हतं हो, तुमच्या जिवावर होतं. आता उद्या तुम्ही सूर दिलात, तर मी काय समजू? वेळ झाली, की तुम्हाला भीती वाटली?"

मुकुंदरावांनी फोन उलटा करून ठेवला.

"मारुतीच्या जन्माचं कीर्तन पौर्णिमेला पहाटे आहे. मी तंबोऱ्यावर करेन. पेटी नको."

लग्न झाल्यापासून दोघं भांडली होती खूप. पेटी नको, असं मात्र ती कधी म्हणाली नव्हती. मुकुंदराव रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी म्हणाले, "एकदा डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी तुला कीर्तन बंद करायला सांगितलं, तर तू ऐकायचंस. नाही सांगितलं, तर मी ऐकेन."

"आणि पेटी?"

"ते तू ठरव."

डॉक्टर सुर्वेंनी उत्सवाच्या दिवसांचा आलेख भिंतीवर पसरला आणि ओठ चावत राहिल्या. मग मागे सरून म्हणाल्या, "काका, तुम्ही कीर्तन संपल्यावर फोन बघत होता का?"

"कीर्तन संपल्यावर? नाही. पेटी बांधायची, प्रसाद वाटायचा. ती खाली बसली की माझा जीव भांड्यात पडायचा."

"तिथेच घोटाळा झालाय. आणि तो तुमचा नाही, माझा आहे." त्यांनी नवमीच्या दिवसावर बोट ठेवलं. एक उंच तांबडा डोंगर होता. पण डोंगरापलीकडे रेघ उतरत उतरत, जिथून चढली होती त्याच्याही खाली गेली होती. पिवळ्याच्या खाली. स्वच्छ हिरव्यात. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती तिथेच होती.

"ताण दोन जातींचा असतो," डॉक्टर म्हणाल्या. "एक येऊन जाणारा, एक मुक्काम ठोकून बसणारा. स्नायूंनी जोरात काम केलं, की तिथेही घंटा वाजते. पण ती वाजली की घडी घालणारी मदतनीस प्रथिनं जास्तीची बोलावली जातात. ती ढीग उपसतात, जाळं झाडूनपुसून घेतात, आणि घंटा थांबते. निरोप्याचे हात सुटतात. शिवाय नाचणारा स्नायू साखर घेताना इन्सुलिनच्या कडीची वाटही बघत नाही, स्वतःच दार उघडतो. हा तांबडा म्हणजे घर झाडताना उडालेली धूळ, काका. आम्ही तो रंग ठरवला बसून काम करणाऱ्या लोकांवरून. उभं राहून, नाचून, गाऊन एवढा वेळ काढणारं माणूस आमच्या चाचणीत कुणी आलंच नव्हतं. 'तांबड्याला विश्रांती' हे मी तुम्हाला सरसकट सांगायला नको होतं."

वैजूताईंनी विजयी चेहरा करायला हवा होता. पण त्या आलेखाकडेच बघत होत्या. "आणि हे काय? हे पिवळं?"

पाडव्यानंतरच्या रात्रींवर, अगदी नवमीपर्यंत, जाडजूड पिवळा पट्टा होता.

"तेच मला विचारायचंय. खरा त्रास देणारा ताण हा. हळू, पण रात्रभर हटत नाही. या दिवसांत कीर्तन आखूड झालंय, म्हणून धूळही कमी उडाली आणि घरही कमी झाडलं गेलं, ते एक. पण रात्री काय चालू होतं? झोप येत होती का?"

"नाही." वैजूताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "वाटायचं, माझा सूर गेला. यांनी पट्टी उतरवली, लवकर भैरवी दिली, म्हणजे यांच्या कानांना कळलं असणार. जगात यांच्या कानांइतका माझ्या आवाजाला दुसरा कान नाही. तेही तोंडावर सांगत नाहीत, म्हणजे फारच गेला असणार. मग पडून राहायचे, डोळे मिटून, मनातल्या मनात एकेक पद लावून बघायचे, कुठे चिरतोय."

 मुकुंदरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. तो स्वच्छ होता, तरी पुसत राहिले. ज्या आजारानं भावाचा पाय नेला, त्याला खतपाणी घालणारा हा पिवळा इतके दिवस त्यांनी स्वतःच्या हातांनी, पेटीच्या सुरांवरून, बायकोच्या अंगात उतरवला होता.

"तुझा सूर कुठेही गेलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "मी घाबरलो होतो. एवढंच."

"एवढंच सांगायचं होतं ना मग!" वैजूताई म्हणाल्या, आणि रागावता रागावता त्यांना हसूच आलं.

डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली, पथ्य तसंच ठेवलं, कीर्तनाआधी थोडं खाऊन घ्यायला सांगितलं आणि पायांना फोड येतो का ते रोज बघायला सांगितलं. चकतीचा हिशेबही बदलला; आता ती रंगावरून नव्हे, ताण खाली उतरतो की नाही यावरून इशारा देणार होती. "आणि रंग ताईंच्याच फोनवर," त्या म्हणाल्या. "शरीर त्यांचं आहे."

पौर्णिमेच्या पहाटे मारुतीचं देऊळ ओलसर काळोखात उभं होतं. टेकडीवरचं लहानसं देऊळ, भोवती करवंदीच्या जाळ्या. समया लागल्या होत्या. मुकुंदराव सदासोबत आले, पेटी घेऊनच, पण ती ठेवली खांबाजवळ, श्रोत्यांत. बैठकीवर नाही.

वैजूताईंनी तंबोरा लावला. नमन म्हटलं. मग थांबून खांबाकडे पाहिलं. "पेटीवाले, तिकडे कशाला बसलात? इकडे या. आणि काळी चार द्या. पांढरी दिलीत तर सगळ्यांसमोर विचारीन."

लोक हसले. मुकुंदराव आले, बसले, भाता उघडला. काळी चार दिली. त्या पट्टीत तिचा आवाज असा काही सुटला, की सदाच्या बोटांनी तबल्यावर आपोआप चाल वाढवली आणि या वेळी कुणी त्याला दटावलं नाही. अंजनीचं तप झालं. वारा पर्वतावर फिरू लागला. पूर्वेकडे आभाळ राखी झालं, मग पिठूर. जन्माची वेळ सूर्याची. टेकडीवर त्याला काय लपायचंय? मुकुंदरावांनी डोंगराची कड बघून पाळण्याचे सूर सोडले. वैजूताईंनी एक क्षणभर, अगदी एकच क्षण, त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि कथा वळवली.

पहिलं किरण शेंदरावर पडलं तेव्हा पाळणा चालू होता. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला वैजूताईंनी श्वास घेतला, चिपळ्या खाली केल्या, आणि सभेकडे वळून म्हणाल्या, "मी दमले. हे कडवं पेटीवाले म्हणतील."

मुकुंदराव जन्मात कधी सभेत गायले नव्हते. त्यांचा आवाज म्हणजे जुन्या दाराची कडी. पण ती समोर उभी होती, घाम पुसत, श्वास घेत, आणि हात त्यांच्याकडे केलेला. ते गायले. सदा पोट धरून हसायचा तेवढा बाकी होता. दुसऱ्या ओळीला लोकांनी सांभाळून घेतलं, तिसरीला सगळं देऊळ त्यांच्यासोबत गात होतं. तोवर वैजूताईंचा दम परत आला आणि चौथी ओळ त्यांनी वर नेली.

ऊन चढल्यावर दोघं टेकडी उतरू लागली. पेटी सदानं पुढे नेली होती. वाटेवर वाळलेली पानं, मधूनच एखादं पिकलेलं करवंद.

"दुसऱ्या ओळीत तुम्ही मारुतीचे वडीलच बदललेत," वैजूताई म्हणाल्या.

"घाबरलो होतो."

"अंजनीला काय वाटलं असेल?"

"तिला सवय असेल. देवांच्या घरी वडिलांचं जरा..."

"पुरे!" त्यांनी त्यांच्या दंडावर चापट मारली आणि तो दंड तसाच धरून ठेवला. काही पावलं चालल्या. मग म्हणाल्या, "अहो, जरा थांबू या. पाय भरून आलेत."

मुकुंदराव थांबले. एक सपाट दगड बघून त्यांनी उपरणं अंथरलं, तिला बसवलं, तिच्या वहाणा काढून तळवे उलटसुलट नीट बघितले, आणि शेजारी बसले. खाली गावातून चुलीचा धूर वर येत होता. तिला पुन्हा उठावंसं वाटेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.